अकारविल्हे दळण

३ सप्टेंबर २०००, रविवार

पाटी लिहिणारा माणूस ती लिहून झाल्यावर एकदा तरी वाचत असेल का? मला सांगता येत नाही. जूनपासून या गल्लीत डोळे उघडे ठेवून राहते आहे, तरी उत्तर सापडलेलं नाही.

पुरावे : कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये लिहिलंय, 'हळू बोला. बाहेर सगळं ऐकू येतं.' त्याच्याच खाली, 'ऐकू न गेल्यास मोठ्याने बोला.' सायकलच्या दुकानावर, 'हवा मोफत. पंप मागू नये.' सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर, 'पाणी येण्याची वेळ : पाणी आल्यावर.' गणपतीच्या मांडवात, 'देव सर्वांचा आहे. चपला ज्याच्या त्याच्या आहेत.'

आज नवी वही केली. दोनशे पानी. शीर्षक : 'दौंडमधील पाट्या : एक चिकित्सक अभ्यास'. दिवाळीपर्यंत शंभर पाट्या जमवायच्या. मग पुण्याच्या पेपरात लेखमाला. शिरूरला मामाकडे राहून पाच वर्षं शिकले, बी.ए. सेकंड क्लास, घरातली पहिली पदवीधर. हे सगळं काही आईच्या गिरणीत डब्यात पीठ भरायला केलेलं नाही.

(सध्या भरते आहे. तात्पुरतं.)

५ सप्टेंबर, संध्याकाळी ६

शिक्षक दिन. मला कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत. मी अजून शिक्षक नाही हे खरं, पण वृत्तीने आहे.

पाटी क्र. ११. गल्लीच्या तोंडाच्या घरावर 'कुत्र्यापासून सावध'. कुत्रा मार्चमध्ये मेला. पाटी गुढीपाडव्याला पुन्हा रंगवली. मालकांना विचारलं, ही फसवणूक नाही का? ते म्हणाले, कुत्रा मेल्याचं चोराला कुणी कळवलंय? नोंद : या गल्लीत नीतिमत्ता नाही.

क्र. १२, सलून : 'गप्पा मारण्यास मनाई. फक्त दाढी चालू असणाऱ्याने बोलावे.'

क्र. १३, टेलर : 'अर्जंट ब्लाऊज शिवून मिळतील. वेळ लागेल.'

क्र. १४ ही पाटी नाही, पण घेतली. शितोळ्यांच्या भिंतीला ओळीने सात देवांच्या टाइल्स लावल्या आहेत, पुरुषांनी तिथे उभं राहू नये म्हणून. पुरुष आता आठव्या फुटावर उभे राहतात. देव सात, भिंत दहा फूट. नियोजन म्हणून नाही.

८ सप्टेंबर

आज फार मोठा धक्का. दुसऱ्यांच्या पाट्यांना हसून घरी आले आणि दारात आमचीच पाटी दिसली. म्हणजे दिसली नाही, कारण ती नाहीच. आहे ती एक वीट.

वीट उभी असेल तर गिरणी चालू. आडवी असेल तर बंद. विटेवर पत्र्याचा डबा उपडा ठेवला तर लाईट गेली आहे. चौदा वर्षं हे असंच चालू आहे. मी लहानपणी याच गिरणीच्या आवाजात अभ्यास केला, पण गिरणीकडे पाठ करून केला. त्यामुळे लक्षात आलं नसावं.

आत तर आणखी वाईट. बायका दळणाचे डबे आणून ठेवतात, आणि डब्याच्या कडीला चिंधी बांधलेली. कुणाची पांढरी, कुणाची तांबडी, कुणाची निळी. झाकणावर गेरूची बोटं. एक बोट, दोन बोटं. एकाही डब्यावर नाव नाही. इसवी सन दोन हजार चालू आहे.

सोजराबाई शितोळे दळण घेऊन आल्या होत्या (सात देवांवाल्या). मी पाट्या लिहून घेते हे त्यांना कळलंय. आईला म्हणाल्या, बया, तुझी लेक गावाच्या भिंती वाचत हिंडती, तिला म्हणावं घरातलं पीठ चाळ. आई हसली. मला वाटतं ती मनातून दुखावली असावी.

निश्चय : सुधारणा स्वतःच्या घरापासून.

१० सप्टेंबर, दुपार

आईची मुलाखत घेतली. प्रश्न : डबे कसे ओळखतेस? तिने पट्टा नीट बसवत उत्तर दिलं की बघितलं की कळतं. हा पोचा धुरपदाच्या डब्याचा, ही वाकडी कडी ताईबाईच्या. मी म्हटलं, चाळीस डबे? ती म्हणाली, तिच्या बापाच्या एकशेवीस मेंढ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, आणि एक कमी असली तर आबांना न मोजता कळायचं. लहानपणी तीही मेंढरांमागे होती. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, दोन कळप मिसळले तर ही चेहरे बघून वेगळे करायची.

म्हटलं, आणि चिंध्या? ती म्हणाली, त्या निराळ्यासाठी. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

निष्कर्ष : पद्धत शास्त्रीय नाही. एका व्यक्तीच्या स्मरणावर अवलंबून. आणि मेंढी व डबा यांत फरक आहे, हे मी कोणत्याही व्यासपीठावर सिद्ध करू शकते.

१३ सप्टेंबर

मल्हारी पेंटरकडे गेले. या गल्लीतल्या निम्म्या पाट्यांचा गुन्हेगार हाच. प्रत्येक पाटीवर दोन हंस काढतो. टेलरला हंस, सलूनला हंस, लेथवाल्यालाही हंस. मी मजकूर दिला :

'जय मल्हार पीठ गिरणी. वेळ : सकाळी ८ ते १२, दुपारी ४ ते ७. रांगेची शिस्त पाळावी. डब्यावर स्वतःचे नाव असणे बंधनकारक. वशिला चालणार नाही.'

हंस नकोत असं तीनदा सांगितलं. त्याने वाचून विचारलं, बयाबाईंनी (म्हणजे आईने) सांगितलंय का हे? मी म्हटलं, मी सांगतेय. तो म्हणाला, बरं. कलावंत नवीन विचारांना घाबरतो, हे मी शिरूरला असतानाच वाचलं होतं.

१५ सप्टेंबर

पाटी लागली. हंस आहेत. लहान आहेत म्हणाला.

परिणाम तत्काळ. बायका पाटीखाली थांबतात, वर बघतात. मी आतून मोजल्या, दुपारपर्यंत चौदा. आप्पा ड्युटीवरून आले (आप्पा म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन आहेत). म्हणाले, पाटीची सावली बरी पडते. त्यांना आधुनिक गोष्टींचं थेट कौतुक करायची सवय नाही.

आई रोजच्यासारखी सहालाच गिरणी चालू करते. आठ लिहिलंय, हे दाखवलं. ती म्हणाली, सहाचं काम सहालाच होतं. शिवाय वीट अजून तिथेच आहे. मी ती पायाने जरा बाजूला सरकवली.

१९ सप्टेंबर

आई केंदूरला गेली. मावशीची सून बाळंत झाली आहे, घरात बाईमाणूस नाही. नवरात्र तिकडेच, दसऱ्याला परत. जाताना एसटीच्या पायरीवरून ओरडली, 'धने, चिंध्या बघून टाक, आन् लवकर उठ.' तिला अजून मी शाळकरी वाटते.

दळण मी टाकणार. तीन महिन्यांत मोटर, पट्टा सगळं जमतं. जड डबे आप्पा उचलतील.

संधी चालून आली आहे. आई परत येईल तेव्हा तिला स्वतःची गिरणी ओळखू येणार नाही.

२१ सप्टेंबर, सकाळी ११

ऐतिहासिक दिवस. चोवीस डबे राखेने घासले. गेरू गेला. चिंध्या सोडून, धुऊन, ज्याच्या त्याला परत दिल्या. बायका चिंधी हातात धरून बघत राहिल्या. स्वच्छतेचा पहिला संस्कार असाच गोंधळवणारा असतो.

मग प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही, बाईचं स्वतःचं नाव. हा माझ्या योजनेचा गाभा आहे. निम्म्या बायकांनी आधी नाव सांगितलंच नाही, पदर तोंडाला लावून हसल्या. सोजराबाई म्हणाल्या, 'इंद्रजीतची आई' लिही. मी नाही म्हटलं. त्यांनी जरा थांबून नाव सांगितलं, आणि चिठ्ठीवर बोट ठेवून कुठलं अक्षर सो हे विचारलं. सासरी आल्यापासून घरात कुणी नाव घेऊन हाक मारली नाही म्हणाल्या.

मला भरून आलं. त्या भरात हे वहीत टिपायचं राहिलं, ते आता लिहिते आहे.

धान्य कुठलं ते चिठ्ठीवर लिहिलं नाही. झाकण उघडल्यावर दिसतंच.

२३ सप्टेंबर

डबे आता अकारविल्हे. भिंतीशी एक सरळ ओळ, अ पासून ह पर्यंत, आणि त्याच क्रमाने दळण. आई डबे चार कोपऱ्यांत चार ढीग करून ठेवायची, का ते देव जाणे.

अडचण एकच. वशिला. प्रत्येक बाई येते आणि कानाशी पुटपुटते, 'माझं गव्हावर टाक गं.' दुसरी म्हणते, 'माझं ज्वारीवर.' म्हणजे आपल्याला हवं त्याच्यामागे नंबर लावा! मी स्पष्ट सांगितलं, पाटी वाचा, वशिला चालणार नाही. गहू असो, बाजरी असो, भगर असो, या गिरणीत सर्व धान्ये समान आहेत.

हे वाक्य बोलल्यावर गिरणीत शांतता पसरली. वाक्याचा प्रभाव.

धुरपदा निघताना म्हणाली, बयाबाई कवा येणार हाय? दसऱ्याला म्हटलं. ती म्हणाली, लईच लांब हाय की.

२६ सप्टेंबर, रात्री ८

नवरात्राची गर्दी. परवा घट बसणार. सकाळी आठ ते बारा, सव्वीस डबे, एकही मिनिट वाया नाही. आईला याच कामाला संध्याकाळ व्हायची. आप्पांनी सांगितलं की ती सहाला आधी दगड उघडून पुसत बसते. मी विचारलं, रोज? ते म्हणाले, उपासाच्या दिवसांत तरी रोज. जुन्या पिढीला यंत्राची भीती वाटते. देवासारखं पुसतात.

शेवटचे तीन डबे नोंदवून ठेवते, क्रम किती सुंदर लागतो पाहा : ताईबाई, गहू. धुरपदा, बाजरी. सोजराबाई, भगर. घड्याळ लावल्यासारखं.

सोजराबाई डबा न्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, पांढरी चिंधी तू सोडलीस तरी तुला ठाऊक होतं ना? मी म्हटलं, काकी, आता चिंधीची गरज नाही, तुमचं नाव आहे. त्या समाधानाने गेल्या. एकोणीस वर्षं त्या नऊ दिवस उपास धरतात, एकदाही मोडलेला नाही. अंधश्रद्धा आहे, पण चिकाटी घेण्यासारखी.

२९ सप्टेंबर, दुसरी माळ

शांतता. तक्रार शून्य. पद्धत यशस्वी झाली असं मी जाहीर करते. (इथेच.)

पाटी क्र. ५८ : खाटीक गल्लीत 'नवरात्रात दुकान बंद. मागच्या दाराने या.'

क्र. ५९ : नव्या बांधकामावर उलटा टांगलेला काळा बूट, खाली 'बघणाऱ्याचं'. वाक्य अपूर्ण. या गावाला क्रियापद वापरायचा कंटाळा आहे.

२ ऑक्टोबर, गांधी जयंती, पाचवी माळ. दुपार

सोजराबाई आल्या. हातात डबा. रागावलेल्या नव्हत्या, म्हणून मी आधी ओळखलंच नाही काय झालंय. डबा जमिनीवर उपडा केला.

वरचं पीठ पांढरंशुभ्र. तळाचं बोटभर करडं.

बाजरी. दगडात धुरपदाची बाजरी शिल्लक होती, ती आधी डब्यात पडली, म्हणजे तळाशी गेली, आणि तिच्यावर भगर. चार दिवस त्यांनी वरचं खाल्लं. आज भाकरी थापायला तळात हात घातला तेव्हा कळलं. वरचंही शुद्ध होतं की नव्हतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. दगडालाही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, काकी, प्रमाण अत्यल्प आहे. हे बोलायला नको होतं असं आता वाटतं.

त्यांनी डब्यावरची चिठ्ठी सोलून माझ्या हातात दिली. 'तू नाव इचारलंस तवा लई बरं वाटलं मला. एकुणीस वर्सं धरला व्हता. आता ह्ये नाव तुझ्यापाशीच ठिव.'

रिकामा डबा घेऊन गेल्या.

संध्याकाळी ६

बातमी गल्लीत मोटरीपेक्षा वेगाने फिरली. घराघरात उपासाचे डबे परातीत उपडे झाले. कुणाच्या तळाशी गव्हाचा पिवळटपणा, कुणाच्या डाळीचा. ताईबाईच्या दुसऱ्या डब्यातल्या राजगिऱ्यात तर ज्वारी. एकूण अकरा घरं.

चिंध्यांचं आता कळलं. पांढरी म्हणजे उपासाचं : सगळ्यात आधी, पहाटे, पुसलेल्या दगडावर. तांबडी गहू, निळी ज्वारी, काळी बाजरी. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, म्हणजे एकाचं दुसऱ्यात जात नाही. गेरूचं एक बोट बारीक, दोन बोटं जाडसर. नावं आईला लागतच नव्हती. नावं तिला पाठ होती.

हे मला आप्पांनी सांगितलं. त्यांना म्हटलं, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, तू पाटी लावलीस, मला वाटलं तुला ठाऊक असंल.

नोंद : माहिती योग्य वेळी न पुरवणं ही व्यवस्थेची चूक आहे.

३ ऑक्टोबर

आप्पांनी एसटीडीवरून केंदूरच्या दुकानात निरोप ठेवला होता. आई दुपारच्या गाडीने आली. बाळंतिणीला टाकून यावं लागलं.

मी सगळं क्रमाने समजावून सांगितलं. उद्देश, पद्धत, अपवादात्मक त्रुटी. आई ऐकत होती आणि दगड उघडत होती. फडक्याने पुसले. फडकं माझ्यासमोर झटकलं, त्यातून चार रंगांचं पीठ पडलं.

मग म्हणाली, 'सोजरानं चार दिस पोटात काय घातलं, त्ये पाटीवर लिव आता.'

एवढंच बोलली. अन्याय आहे. मी तिच्यासाठीच केलं होतं.

४ ऑक्टोबर

आई पहाटे सहाला उठली, वीट उभी केली, पाटावर बसली. नऊपर्यंत एक डबा आला. आमचाच.

कोपऱ्यावर पोपटरावांनी जूनमध्ये नवी गिरणी टाकली आहे. आजवर तिथे माश्या बसायच्या. आज बायकांची रांग रस्त्यापर्यंत. नवी पाटी लागली आहे, क्र. ६३ : 'येथे उपासाचे दळण वेगळ्या दगडावर. पीठ ज्याचे त्यालाच मिळेल. मालक स्वतः उपास करतात.'

हास्यास्पद. मालकांच्या उपासाचा पिठाशी काय संबंध? आणि परवाच मी त्यांना स्टेशनबाहेर भजी खाताना पाहिलंय. शिवाय कोपऱ्यात दोन हंस. मल्हारी पैशासाठी कुणालाही हंस देतो.

माझं विश्लेषण : गिऱ्हाइकांची ही तात्पुरती भावनिक प्रतिक्रिया आहे. दोन दिवसांत परततील.

५ ऑक्टोबर

परतले नाहीत.

पोपटराव घरी आले. चहा घेतला. आप्पांना म्हणाले, मोटर चांगली आहे, दगड चांगले आहेत, पडून राहिले तर खराब होतील, त्यापेक्षा मला द्या. आप्पा म्हणाले, तिला विचारा, गिरणी तिची आहे. आईने मान वर केली नाही. म्हणाली, दसरा होऊ द्या, मग सांगते.

पोपटराव गेल्यावर आई रिकाम्या गिरणीत जाऊन बसली. चौदा वर्षांत मी तिला गिरणीत नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.

म्हणजे परवापर्यंत अकरा घरं परत आणायची. परवा दसरा. अकरा आली की बाकीची येतील. गल्ली मेंढरांसारखी आहे (हे मी द्वेषाने लिहीत नाही, आबांच्या अनुभवावरून लिहिते).

६ ऑक्टोबर, नवमी

योजना तयार. मोठ्या अक्षरांत 'जाहीर खुलासा'. गल्लीच्या तोंडाशी लावायचा, कुत्र्याच्या पाटीशेजारी, तिथे सगळ्यांची नजर जाते.

पहिला मसुदा दीड पान. दुसरा छोटा केला, एक पान. तिसऱ्यात माझा हेतू, दगडाचं शास्त्र आणि शेवटी दिलगिरी. दिलगिरी दोन ओळींची, पण भाषा चांगली उतरली आहे.

मल्हारीकडे नेला. त्याने पूर्ण वाचला. हा माणूस वाचतो, हे मान्य केलं पाहिजे. कागद घडी करून परत दिला. 'ताई, इतकी वर्सं पाट्या रंगवतोय. दुकानाच्या काढल्या, वाढदिवसाच्या काढल्या, मेलेल्याच्या काढल्या. माफीची एकानंबी सांगितली न्हाई. ती दारात जाऊन मागत्यात.'

मी म्हटलं, अकरा दारं आहेत. तो म्हणाला, मग अकरा.

परत येताना पूर्ण गल्ली चालले. एकही पाटी लिहून घेतली नाही. डोकं दुखत होतं.

७ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आईने मोटर पुसली, दगडांना हळदकुंकू लावलं, पट्ट्याला झेंडूची माळ. पूजा केली आणि बाजूला झाली. निरोप देताना बसतात तशी बसली. मला ते बघवेना.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन निघाले. दसऱ्याला सोनं घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. हा विचार माझा. (आप्पाही असंच काहीसं म्हणाले होते.)

ताईबाईने पान घेतलं, पेढा दिला, आणि तिचा राजगिरा कसा वाया गेला ते सुरुवातीपासून सांगितलं. धुरपदा त्या अकरांत नव्हती, तिचं तर काही बिघडलंच नव्हतं, बाजरी तिचीच होती; तरी गेले. पण ती म्हणाली, माझ्या बाजरीनं सोजराबाईचा उपास मोडला, मला तिच्यासमोर जायची चोरी झाली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक दारात उभं राहून ऐकावं लागलं. मी भाषण तयार केलं होतं, ते तिसऱ्या दारात विसरले. चौथ्यापासून फक्त 'चुकलं माझं' म्हणत गेले. ते सगळ्यांना कळत होतं.

पण डबा देते असं कुणी म्हणेना. बघू म्हणायच्या, आणि सोजराबाईंच्या घराकडे बघायच्या. त्या आल्या तर आम्ही.

सोजराबाई शेवटी ठेवल्या होत्या. अकारविल्हे नव्हे. भीतीने.

त्या ओसरीवर बसल्या होत्या. पान घेतलं, डोक्याला लावलं. माझ्या हातात पान ठेवलं. मी चुकलं म्हटलं. उपासाचं काय केलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, पाचव्या माळेलाबी सोडला न्हाई, नऊ दिस काढलं, आता देवीनं मोजायचं त्ये मोजावं.

मग म्हणाल्या, 'बयाच्या हातचं दळण मी चौदा वर्सं खाल्लं. डबा तिलाच देणार. पर तू त्या गिरणीच्या आत दिसलीस ना, तर त्याच पावली कोपऱ्यावर जाईन. माझ्या मागं समद्या जातील.'

मी म्हटलं, काकी, मी शिकलेली आहे, मी शिकेन तेही. त्या म्हणाल्या, 'शीक की. भाईर ऱ्हाऊन शीक.'

घरी येऊन आईला सांगितलं नाही. पोपटराव उद्या येणार आहेत उत्तर घ्यायला.

८ ऑक्टोबर, रविवार

मुद्दे मांडून पाहिले. बाजूने : गिरणी माझ्या घराची आहे, मला आत जायचा हक्क आहे. माझी नावांची कल्पना मुळात योग्य होती, आणि ते मी आजही म्हणेन. विरोधात : आईचे हात.

पोपटराव दहाला आले. आई काही बोलायच्या आधी मी म्हटलं, काका, गिरणी विकायची नाही, उद्यापासून चालू आहे. आईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी विचारलं, गिऱ्हाईक कुठाय? मी म्हटलं, आणते. ते हसून चहा न पिता गेले. आईने विचारलं, कशी आणशील? मी सांगितलं नाही.

पाटी उतरवली. आप्पांनी शिडी धरली. हंस खाली तोंड करून भिंतीशी उभे केले.

९ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ९

पहाटे सहाला सोजराबाईंच्या दारात होते. डबा ओसरीवर काढून ठेवलेला, कडीला तांबडी चिंधी. म्हणजे गहू. तो डोक्यावर घेऊन गल्लीतून आले. मुद्दाम मधून आले, सगळ्यांना दिसावं म्हणून. सलूनवाल्याने मान मोडेपर्यंत बघितलं. परत गेले तोवर ताईबाईच्या दारात डबा, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. अकरा खेपा. मान दुखते आहे. बी.ए.च्या अभ्यासक्रमात चुंबळ नव्हती, मी दोनदा चुकीची वळली.

डबे गिरणीच्या पायरीवर ठेवत गेले. आईने एकेक उचलून आत नेला. कुठला कुणाचा तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अकरावा ठेवला तेव्हा मोटर सुरू झाली. सोजराबाई समोर रस्त्यावर उभ्या होत्या, माझ्या पायांकडे बघत.

मी पायरीवरून खाली उतरले, वळसा घालून मागच्या दाराने घरात आले. गिरणीच्या आत पाऊल टाकलं नाही.